माझ्याकडे तर चालतंय!

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जमातीत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे: ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय.’ समोरचा माणूस रडकुंडीला आलेला असो, त्याची वर्षभराची मेहनत उडालेली असो, हे एवढं म्हटलं की आपली जबाबदारी संपली आणि आपण चहाला मोकळे. नोकरीत मी हे वाक्य सढळ हातानं वापरलंय. मग जिथे नेमकं हेच वाक्य कुणी ऐकून घेत नाही, अशा ठिकाणी मी आपण होऊन, बिनपगारी आणि वर पदरचे पैसे घालून का गेले, हे आमच्या घरात अजून कुणाला उलगडलेलं नाही. मला उलगडलंय, पण ते फारसं शोभेसं नाही.

ठिकाण म्हणजे जेंटू. ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची एक तऱ्हा. नाव घेतलंय सगळ्यात वेगानं पोहणाऱ्या पेंग्विनचं. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. इथे सॉफ्टवेअर तयार मिळत नाही. कोड मिळतो, आणि तो आपल्याच यंत्रावर, आपल्याच विजेवर कंपाइल करून घ्यायचा असतो. (२०२३ च्या डिसेंबरपासून एएमडी६४ आणि एआरएम६४ वाल्यांना पुष्कळशी पॅकेजेस तयारही मिळू लागली. ऐकून आनंद झाला. तोवर माझं निम्मं तारुण्य कंपाइल होऊन गेलं होतं.)

तर या जेंटूत पॅकेजची नवी आवृत्ती आली की तिच्या नावापुढे प्रत्येक आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक जातीसाठी, एक नागमोडी चिन्ह लागतं. त्याचा अर्थ, ‘वापरा, पण आमच्यावर येऊ नका.’ साधारण तीस दिवस कुणाची गंभीर तक्रार आली नाही, की कुणीतरी अर्ज करतं: आता हिला स्टेबल म्हणा. मग एएमडी६४ वाले आपल्या यंत्रावर तपासतात, एआरएम वाले आपल्या, पॉवरपीसी वाले आपल्या. २०२५ पर्यंत स्पार्क वालेही आपल्या यंत्रावर तपासायचे. एकाचा होकार दुसऱ्याला चालत नाही. सगळ्यांनी आपापलं नागमोडी चिन्ह उतरवलं, की अर्जाचा निकाल लागतो.

सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच सावरून बसले. आयुष्य सरकारी कचेरीत गेलेलं. म्हणाले, “म्हणजे साक्षांकन. मूळ प्रत पाहिली, खरी आहे, सही-शिक्का.”

“तसंच, बाबा.”

“मग मूळ प्रत पाहिल्याशिवाय सही करायची नाही. मी कधी केली नाही.”

या एका वाक्यानं पुढे माझं किती नुकसान केलं, ते त्यांना आजही माहीत नाही.

आता ते न शोभणारं कारण. एएमडी६४ वर, म्हणजे तुमच्या-माझ्या साध्या लॅपटॉपवर तपासणारे ढिगानं आहेत. तिथे मी म्हणजे गर्दीतली एक. पण स्पार्क तपासणारे तेव्हा जगात मोजके होते. वासरात लंगडी गाय शहाणी हे मला शाळेतच शिकवलं होतं. त्यातून जेंटूचं एक बोधचिन्ह गायच आहे, लॅरी नावाची. मी तिथल्या तिथे ठरवलं की आपण स्पार्कचं बघायचं. ‘स्पार्कचं मी बघते’ हे वाक्य मी पुढे दोन लग्नांत आणि एका मुंजीत वापरलं. कुणीही पुढे काही विचारलं नाही.

फक्त स्पार्क माझ्याकडे नव्हता.

पुण्यात अशा वेळी जुना बाजार असतो, बुधवारी आणि रविवारी. गंजलेल्या पान्यांच्या आणि एकेकट्या बुटांच्या मध्ये तो पडला होता: सन कंपनीचा अल्ट्रा ५. १९९८ सालचं मॉडेल, ३६० मेगाहर्ट्‌झचा अल्ट्रास्पार्क, एकेकाळी कुणा इंजिनिअरच्या टेबलावर ऐटीत बसलेला. विकणारा म्हणाला, “ताई, डीव्हीडी प्लेअर आहे. मोठावाला.” मी घासाघीस केली आणि मोठ्या डीव्हीडी प्लेअरच्या भावात वर्कस्टेशन मिळवल्याच्या आनंदात रिक्षात बसले. घरी नवऱ्यानं तो उचलून आत नेला आणि एवढंच विचारलं, “हा परत न्यायचा झाला तर तोही मीच न्यायचा का?” सासूबाई म्हणाल्या, “याला झाकण काय घालणार?” सासऱ्यांना मी सांगितलं की सन कंपनीच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्यातला. त्यावर ते म्हणाले, “मग राहू दे.” आणि तो दिवाणखान्यात राहिला.

सुरू केला. पंखा असा घोंगावला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. सनचा कीबोर्ड नव्हता, म्हणून तपकीर गल्लीतून सीरियल केबल आणून तो लॅपटॉपला जोडला. आणि पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं, ते मराठीत सांगायचं तर असं होतं: माझ्या ओळखीचा मजकूर ग्राह्य नाही. या यंत्रांत एक चिप असते. तीत घड्याळ, यंत्राचा ओळख क्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता ठेवलेला असतो, आणि तो सगळा ऐवज चिपच्याच पोटात साच्यात ओतलेल्या एका बॅटरीवर जगतो. बॅटरी संपली की यंत्राला आपण कोण, कुठे राहतो आणि आज तारीख काय, यातलं काहीही आठवत नाही. माझ्या स्पार्कच्या मते आज १९७० सालची एक जानेवारी होती.

सुरुवातीला मला यात गंमत वाटली. मग मी कंपाइल करायला घेतलं. ‘मेक’ नावाचा जो प्रोग्रॅम हे काम चालवतो, तो फाइलींच्या तारखा बघून काय नव्यानं करायचं ते ठरवतो. त्यानं माझ्या फाइलींकडे पाहून इशारा दिला, की ही फाइल दीड अब्ज सेकंद भविष्यातली आहे. मग प्रत्येक फाइलीबद्दल तेच म्हणाला. शेवटी म्हणाला, घड्याळात गडबड दिसते, काम अपुरं राहिलेलं असू शकेल. सत्तेचाळीस वर्षं पुढचं बघू शकणारं यंत्र घरात आहे, आणि ते फक्त तक्रार करतंय!

हाताने तारीख घालता येत होती, पण बंद केला की पुन्हा १९७०. हौशी लोक त्या चिपचं पोट कानशीनं घासून, आतली बॅटरीची दोन टोकं उघडी पाडून, वर साधा सेल जोडतात. माझा हात सोल्डरिंगला थरथरतो. बराच विचार करून मी ती चिप रुमालात गुंडाळली आणि लक्ष्मी रोडच्या एका बोळातल्या घड्याळजीकडे नेली.

आजोबांनी डोळ्याला भिंग लावलं, चिप उलटी केली, सुलटी केली, कानाशी नेली.

“काय आहे हे?”

“घड्याळ आहे. सेल गेलाय.”

“काटे?”

“काटे नाहीत.”

“मग वेळ कशी बघता?”

“मी नाही बघत. यंत्र बघतं.”

त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी सॉफ्टवेअरच्या आयुष्यात पुष्कळ खाल्ली आहे, पण इतक्या जवळून नाही. मग काही न बोलता त्यांनी बारीक कानस उचलली. काळ्या भुकटीचा जळका वास आला, हळूहळू तांब्याच्या रंगाचे दोन ठिपके उघडे झाले, आणि त्यांनी त्यावर सेलचं घरटं असं बसवलं, की मी दहा जन्मांत बसवलं नसतं. पैसे घेताना म्हणाले, “पट्टा बदलायचा असला तर घेऊन या.”

यंत्राला नवा नेटवर्क पत्ता हातानं टाइप करून द्यावा लागला. सनच्या यंत्रांचा पत्ता ८:०:२० नं सुरू होतो, ती कुळाची खूण मी राखली.

यानंतर खरं काम. नियम असा, की ज्या यंत्रावर स्टेबलचा निवाडा करायचा, त्यावर बाकी सगळं स्टेबलच असलं पाहिजे. तपासायचं तेवढं एकच पॅकेज नवं. माझ्या लॅपटॉपवर निम्मी पॅकेजेस नागमोडी, म्हणजे तिथे मी कुठल्याही साक्षांकनाला नालायक होते. स्पार्कवर मात्र पाटी कोरी. ती भरायची म्हणजे कंपायलरसकट सगळं त्याच ३६० मेगाहर्ट्‌झवर कंपाइल करायचं. जीसीसी हा कंपायलर आजच्या यंत्रावर जेवण होईतो तयार होतो. अल्ट्रा ५ ला तो द्यायचा, मग शनिवार-रविवार गावाला जाऊन यायचं आणि आल्यावर तो अजून चाललाय हे पाहून धुणं लावायचं. त्यात पुण्यात गुरुवार असतो. गुरुवारी लाइट जाते हे पुण्यात जन्मलेल्या मुलालाही कळतं; मला ते कंपाइल नव्वद टक्क्यांवर आल्यावर आठवायचं.

शिवाय जेंटूत प्रत्येक पॅकेजला चालू-बंद करायच्या खुंट्या असतात: ध्वनी हवा की नको, चित्रं हवीत की नकोत. दहा खुंट्या असल्या तर १,०२४ जुळण्या होतात. सगळ्या कुणीच तपासत नाही. मोजक्या निवडून घेतात. सासऱ्यांनी हे ऐकून “हं” केलं. त्या “हं”मुळे मी मोजक्यापेक्षा दुप्पट घेतल्या.

मध्यंतरी सरावासाठी मी रास्पबेरी पाय या छोट्याशा एआरएम यंत्रावर एक छोटं पॅकेज तपासलं. ते संपेचना. इंटेलवर क्षणात संपणारा प्रोग्रॅम पायवर अखंड चालू. कारण कळलं तेव्हा हसू आलं: सी भाषेतला ‘कॅर’ इंटेलवरच्या लिनक्सवर ऋण आकडा धरू शकतो, एआरएमवर धरत नाही. फाइल संपल्याची खूण असते उणे एक. लेखकानं ती कॅरमध्ये ठेवली. इंटेलवर ती उणे एकच राहिली. एआरएमवर तिची २५५ झाली, आणि बिचारा प्रोग्रॅम कधीच न येणाऱ्या उणे एकची वाट बघत बसला. लेखकाचं म्हणणं काय होतं ते सांगायला नको. त्याच्याकडे चालत होतं.

अशी प्रत्येक आर्किटेक्चरची एकेक खोड असते. पॉवरपीसी आणि स्पार्क आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवतात, इंटेल धाकटा आधी. या भांडणाला १९८० साली डॅनी कोहेन यांनी जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरमधून नाव दिलं. तिथे अंडं कुठल्या टोकाकडून फोडावं यावरून युद्ध होतं. एचपीच्या पीए-रिस्कवर स्टॅक उलटा, वरच्या दिशेनं वाढतो. इटेनियमला तर शेवटी लिनक्सनंच रजा दिली, जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ आवृत्तीत. तपासणाऱ्याला या सगळ्यांच्या खोडी माहीत असाव्यात अशी अपेक्षा असते. मला फक्त स्पार्कची खोड माहीत करून घ्यायची होती, आणि ती त्यानं स्वतःहून दाखवली.

पॅकेज साधं होतं. फोटोच्या फाइलीत दडलेली तारीख वाचायची आणि फाइलीला त्या तारखेचं नाव द्यायचं. फोटोतली ही माहिती ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ या दोन अक्षरांनी सुरू होते. पहिलं इंटेलच्या पद्धतीसाठी, दुसरं मोटोरोलाच्या. पॅकेजच्या लेखकानं दोन्ही प्रकार नीट हाताळले होते. सोबतच्या सगळ्या चाचण्या स्पार्कवर पास झाल्या. मी ‘स्पार्क ओके’ असं लिहायला घेतलं. अक्षरशः अर्धं लिहून झालं होतं. आणि कानात आलं, मूळ प्रत पाहिली का?

तेव्हा मी घरातले खरे फोटो घेतले. पहिले काही झाले, आणि सासूबाईंच्या अष्टविनायकाच्या सहलीतल्या, रांजणगावच्या एका फोटोवर प्रोग्रॅम धाडकन मेला. पडद्यावर दोनच शब्द: बस एरर. मी ते मोठ्यानं वाचलं. सासूबाई आतून म्हणाल्या, “नाही गं, बस वेळेवर होती. जेवण उशिरा दिलं.”

स्पार्कचा दंडक असा: चार बाइटचा आकडा उचलायचा तर तो चारनं भाग जाणाऱ्या पत्त्यावरूनच. इंटेल कुठूनही उचलू देतो. स्पार्क तिथल्या तिथे प्रोग्रॅमला ठार करतो. चाचणीसाठी दिलेल्या नमुना फोटोत आकडे नशिबानं सोयीच्या पत्त्यांवर पडले होते. रांजणगावच्या फोटोत नव्हते. नवरा म्हणाला, “एवढ्यासाठी हे धूड कशाला? क्यूएमूमध्ये चालव की.” फाब्रीस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेलं हे क्यूएमू लॅपटॉपमध्येच खोटा स्पार्क उभा करतं. मी चालवलं. खोट्या स्पार्कनं तोच फोटो निमूट वाचला. म्हणजे हा दोष घरात फक्त त्या मोठ्या डीव्हीडी प्लेअरलाच दिसत होता! इतकी विजयी मी दहावीच्या निकालालाही झाले नव्हते.

मी ऐसपैस अहवाल लिहिला. उत्तर आलं, नम्र आणि छोटं: कृपया ज्या फोटोवर बिघडतं, तो जोडा, दुरुस्तीनंतर चाचण्यांत कायमचा ठेवायचा आहे, फोटो मुक्त परवान्याखाली वापरायला मालकाची संमती हवी.

सासूबाईंना मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला.

“हा? ह्यात माझे डोळे मिटलेत.”

“पण हाच लागतो.”

“कुणाला लागतो?”

“जगभर जाणार आहे, आई.”

“मग तर मुळीच नाही. तो पालीचा घे. पालीचा छान आलाय, पैठणीचे काठही दिसतात.”

मी पालीचा घेतला. पालीचा फोटो स्पार्कनं बिनतक्रार वाचला. मोरगावचा वाचला, ओझरचा वाचला, लेण्याद्रीचा, धापा टाकत पायरीवर बसलेल्या सासूबाईंसकट, वाचला. सासूबाई ज्या ज्या फोटोत बऱ्या दिसत होत्या, तो तो स्पार्कला मान्य होता. मिटल्या डोळ्यांचा तेवढा अमान्य. “यंत्रालासुद्धा कळतं,” त्या म्हणाल्या, आणि मला त्याचं खंडन करता येईना.

फोटो कापून बघितला, तर आतले पत्ते सरकले आणि दोष नाहीसा झाला. चेहरा पुसट करून जतन केला, तर फोटोचं सॉफ्टवेअर माहिती नव्यानं मांडून ठेवायचं, आणि पुन्हा दोष गायब. शेवटी सासऱ्यांनी प्रकरण हातात घेतलं. त्यांनी फुलस्केप कागदावर संमतिपत्राचा मसुदा केला: ‘मी खाली सही करणार, राहणार पुणे, स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय लिहून देते की, माझे डोळे मिटलेले छायाचित्र…’ इथपर्यंत ऐकून सासूबाई म्हणाल्या, “डोळे मिटलेले हे लिहायची काय गरज?” ते म्हणाले, “वस्तुस्थिती नमूद करावी लागते.” त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक उशिरा झाला. सही मात्र झाली. मी तिचा इंग्रजी गोषवारा करून पाठवला. ‘दर्शन घेताना’ असं लिहिलं. सासूबाईंच्या बाजूनं विचार केला तर ते खोटं नाही.

दुरुस्ती झटपट झाली. दोन ओळींची होती: आकडा थेट उचलण्याऐवजी बाइटवारी जुळवून घ्यायचा. नवी आवृत्ती निघाली. आणि नवी आवृत्ती म्हणजे पुन्हा नागमोडी चिन्ह आणि पुन्हा तीस दिवस. तीस दिवसांनी नवा अर्ज आला, मी नव्या जोमानं अल्ट्रा ५ चालू केला. पॅकेज ज्यांच्यावर अवलंबून होतं ती सगळी लायब्ररी मंडळी दरम्यान पुढे गेलेली, कंपायलरही पुढे गेलेला. मी अद्ययावत करायला बसले. पंखा घोंगावू लागला. एक गुरुवार आला. तो गेल्यावर पुन्हा सुरू केलं. त्या गडबडीत कुणीतरी, कुठल्यातरी देशात, माझ्यापेक्षा पुष्कळ वेगवान स्पार्कवर, दुपारभरात सगळं तपासलं आणि लिहिलं: ‘स्पार्क स्टेबल’. झालं. शेवटचा शिक्का तोच असल्यानं अर्जही निकालात निघाला. माझा कंपायलर त्यानंतर रात्रभर चालू होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांना वाईट वाटलं. “तुझी सही नाहीच का कुठे?”

नाही. सही नाही. पण त्या पॅकेजच्या चाचण्यांच्या कप्प्यात एक फोटो आहे, आणि कुणीही, कुठल्याही आर्किटेक्चरवर चाचण्यांसकट ते कंपाइल केलं की आमच्या सासूबाई डोळे मिटून रांजणगावला उभ्या राहतात आणि पॅकेज पास होतं. हे त्यांना कळल्यापासून त्या माझ्या कामाची चौकशी करतात. पुढच्या वेळी असं काही असेल तर आधी सांग, पार्लरला जाऊन येते, असं त्यांनी बजावून ठेवलंय.

तर वाचकहो, एक अल्ट्रा ५ देणे आहे. पंखा मोठ्यानं बोलतो, कीबोर्ड नाही, सीरियल केबल सोबत मिळेल. घड्याळ अचूक चालतं. पैसे नकोत, फक्त नेण्यासाठी माणूस तुमचा असावा, ही आमच्या घरातली अट आहे. गुरुवार सोडून केव्हाही या.